उचलायचा मान

सीना नदीच्या अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजी. अलीकडच्या शेवरगावात थोरली बहीण दिलेली, पलीकडच्या हिंगणीत धाकटी. आणि थोरलीच्या पोटात जे जळत होतं ते विझवायला अख्खी नदी आणून ओतली असती तरी भागलं नसतं. आता कुणी म्हणेल, बहिणीबहिणीत असं कुठं असतं का? अहो, बहिणीबहिणीतच असतं. परक्या बाईचा हेवा करायला तिच्या घरातलं एवढं ठाऊक तरी असावं लागतं.

थोरली भिवराबाई. तशी बाई खोटी नव्हती. कामाला कुणाला हार जायची नाही, गावात कुणी अडलं-नडलं की पदर खोचून आधी तीच हजर. नवरा आश्रुबा गरीब स्वभावाचा, तिच्या शब्दाबाहेर नसलेला. सगळं नीट होतं. फक्त धाकटीचं, सुंदराबाईचं, नाव निघालं की भिवराचा घास तोंडातच फिरायला लागायचा. सुंदराला नवं लुगडं आलं, सुंदराची म्हैस व्याली, सुंदराच्या दारात रस्ता झाला. लोक आपले सहज सांगायचे आणि ही रात्री आश्रुबाला विचारायची, “मला सांगा, तिलाच कावून?” आश्रुबा बिचारा कूस बदलायचा.

याचं मूळ लांबचं होतं. दोघींचा बाप सुग्रीव पाटकरी. सीनेच्या डोहातून दोन्ही काठांच्या मळ्यांना पाणी वाटून द्यायचं, हे त्याचं काम. दोन सरकारांची दोन गावं, पण पाटकरी एकच, आणि त्याच्या वाटणीवर कधी कुणी ब्र काढला नाही. पोरगा नव्हता, म्हणून पोरीच त्याच्या मागं फावडं घेऊन हिंडायच्या. वाटणीची जी रीत मळ्यात तीच त्यानं घरात ठेवली होती. भाऊ वेगळे निघताना थोरला वाटे मांडतो आणि धाकटा आधी उचलतो, तसंच. नारायणगडच्या जत्रेतून रेवड्या आणल्या, कुणी गुळाचा खडा दिला, आंबा दिला, की सुग्रीव म्हणायचा, “भिवरे, तू मांड. सुंदरे, तू उचल.”

भिवरा जीव ओतून मांडायची. दोन्ही वाटे सारखे करायची, डोळे बारीक करून बघायची, इकडचा कण तिकडं ठेवायची. आणि सुंदरा यायची, एक नजर टाकायची आणि झटकन उचलायची. नेमका थोरला. कणभरच थोरला असायचा, पण असायचा. बाप हसायचा आणि म्हणायचा, “भिवरे, चुकला बघ तुझा हात.” बापाला वाटायचं आपण पोरीला न्याय शिकवतोय. पोरगी शिकत होती ते वेगळंच. मांडायचे कष्ट आपले आणि उचलायचा मान तिचा, एवढंच तिनं गाठीला बांधलं.

लग्नं एकाच मांडवात झाली. भिवराला अलीकडचा आश्रुबा, सुंदराला पलीकडचा शहादेव. शहादेवाचा डोहाच्या खालच्या अंगाला पानमळा होता, नागवेलीचा, गर्द. भिवराला वाटलं, घ्या, इथंही हिनंच उचललं. आता शहादेव वयानं भिवरापेक्षा लहान, त्याला थोरली पोरगी कशी देणार होते? पण हे भिवराला सांगायचं कुणी.

मग भिवरानंही पानमळा लावला. आश्रुबा नको नको म्हणत होता. पण तिनं स्वतः शेवरीची झाडं लावली, सुंदराकडूनच वेल मागून आणला, लव्हाळ्यानं एकेक वेल शेवरीला बांधला. पानमळ्यात पायताण घालून जायचं नसतं. ही तर त्याच्या बाहेरही अनवाणी हिंडायला लागली, इतका जीव त्या वेलांवर. साऱ्या आयुष्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच होतं. वेल चांगला चढलाही.

आष्टीच्या बाजारात शिवशरणआप्पा म्हणून वाणी होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि तोंडात कायम पान. दोन्ही काठांची पानं तेच घ्यायचे. पहिल्या खुडणीची पानं घेऊन भिवरा त्यांच्यापुढं बसली. आप्पांनी एक पान तोंडात घातलं, डोळे मिटले आणि मनातलं बोलून गेले. म्हणाले, “ब्येस हाय. पर तुज्या भयनीचं पान तोंडात इरघळतं, ह्ये चावावं लागतंय.” आप्पांना काही कळलंसुद्धा नाही. ते तराजूकडं वळले. भिवरा मात्र त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही.

दिल्लीत इंग्रजांच्या बादशहाचा दरबार भरला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सीनेला मोठा पूर आला. डोहाच्या तोंडाशी सुग्रीवाच्या आज्या-पणज्यापासून एक वाटणीचा खडक होता. त्याच्या एका अंगानं मोगलाईचं पाणी, दुसऱ्या अंगानं इंग्रजीचं. तो खडक पुरानं उचलून नेला. सुग्रीव आदल्या सालीच वारला होता. आता खडकही नाही आणि पाटकरीही नाही. मग काय विचारता? शेवरगावचे सकाळी दगड लावून पाणी इकडं वळवायचे, हिंगणीचे दुपारी ते दगड उधळून तिकडं. दोन डोकी फुटली. एकाचा हात मोडला.

हे गाऱ्हाणं एका गावचं असतं तर पाटलानं मिटवलं असतं. पण इथं दोन सरकारं. आष्टीच्या तहसीलदारांनी बीडला लिहिलं, बीडनं हैदराबादला. पलीकडच्या मामलेदारांनी नगरला लिहिलं, नगरनं पुण्याला. हैदराबादहून विचारणा आली की नदी नक्की कुणाची. पुण्याहूनही हेच विचारलं. नदी बिचारी वाहत होती. दोन्ही साहेब एकदा काठावर येऊन समोरासमोर तंबू ठोकून बसले, एकमेकांना सुपारी पाठवली, पण बोटभर पाणी सोडायची दोघांची छाती नव्हती. जो सोडील त्याला वरून विचारतील की सरकारचं पाणी तू कुणाच्या हुकमानं दिलंस. अन् इकडं भिवराच्या पानमळ्यात वेलांची खालची पानं पिवळी पडायला लागली.

तोड काढली ती शिवशरणआप्पांनी. पानांशिवाय त्यांचं दुकान ओस पडलं होतं. ते दोन्ही तंबूंत जाऊन म्हणाले, सायेब, तुम्ही द्यायचंही नाही अन् घ्यायचंही नाही. डोहाच्या तोंडाशी चुन्याचा बांध घाला, त्याला दोन तोंडं ठेवा. पुढं सपाट कातळ आहे, त्यावरून पाट कुणीकडंही वळवता येतो. एका गावानं तोंडं मांडावी, दुसऱ्या गावानं आपलं उचलावं. घरातली वाटणी होते तशी.

मांडायचं कुणी, यावर पुन्हा दिवसभर काथ्याकूट झाला. याचा माणूस त्याला नको, त्याचा याला नको. शेवटी कुणीतरी म्हणालं, सुग्रीवाच्या पोरी आहेत की. एक इकडं, एक तिकडं. थोरली मांडील, धाकटी उचलील. पुरुषमंडळींनी थोडी नाकं मुरडली, पण दोन्ही साहेबांना ते भलतंच पसंत पडलं. उद्या वरून विचारणा झाली तर सांगता येत होतं की सरकारनं काही दिलं नाही, बायांनी आपसांत वाटून घेतलं. करार झाला. एकदा धाकटीनं उचललं की बांधाला हात लावील तो दोन्ही सरकारांचा गुन्हेगार.

भिवराला हे ऐकून काय वाटलं असेल? पुन्हा तेच. तू मांड, तिनं उचल. बाप मेला तरी त्याची रीत काही मरेना. ती चुलीपुढं बसून राहिली आणि तिच्या डोक्यात असं आलं, की सारा जन्म आपण सारखं मांडायला गेलो, म्हणून तिला थोरलं सापडलं. ह्या खेपेला थोरलं दिसेल ते थोरलं असणारच नाही.

कसं, ते नीट ऐका. बांधाला दोन तोंडं. एक तिनं रुंद ठेवलं, बैल जाईल एवढं. दुसरं अरुंद, त्यात जेमतेम माणूस आडवा शिरेल. कुणीही बघावं आणि रुंदाला हात घालावा. पण रुंद तोंडाच्या तळाला तिनं एक सपाट धोंडा आडवा बसवला, घराला उंबरा असतो तसा, चांगला गुडघ्याएवढा उंच. अरुंद तोंड मात्र थेट डोहाच्या तळापर्यंत मोकळं सोडलं. नदी भरून वाहत होती, पाणी गढूळ, तळाचं कुणाला काय दिसणार? पाणी भरपूर असेल तोवर रुंद तोंड धो धो वाहणार. उन्हाळ्यात डोह खाली गेला की ते उंबऱ्यावर कोरडं पडणार आणि अरुंद तोंड शेवटच्या थेंबापर्यंत चालणार. सुंदरा रुंद उचलील यात भिवराला शंका नव्हती. ती कधी चुकली होती का?

धोंडा तिनं बापाच्या पडक्या घरामागून आणला. दोघी बहिणी लहानपणी ज्यावर धुणं धूत होत्या तोच, एक कोपरा उडालेला. तेवढा सपाट दुसरा मिळालाच नाही. गवंड्यांनी वर चुन्याचा बांध चढवला. तळाच्या धोंड्याचं त्यांना तिनं सांगितलं, की पायाला हवा. त्यांनी मान हलवली.

दसरा झाला आणि उचलायचा दिवस आला. दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हतं. तहसीलदार आणि मामलेदार कातळावर बाज टाकून बसले. भिवरा बांधाजवळ उभी, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. पलीकडून सुंदरा आली. हिंगणीचे लोक मागून ओरडून सांगत होते, पाण्यात उतर, हात घालून बघ, खोली बघ. शहादेवानंही तेच सांगितलं. पाटकऱ्याची पोरगी ती, एकदा पाय टाकला असता तर तळाचं सगळं कळलं असतं.

सुंदरा काठावरच थांबली. तिनं रुंद तोंडाकडं बघितलं, मग बहिणीकडं.

“आक्कानं मांडलंय,” ती म्हणाली. “आक्काच्या मांडन्यात मी काय बगू? ल्हानपनी म्या लई थोरलं उचललं. आता बारकं माजं.”

आणि तिनं अरुंद तोंडावर खुणेचा दगड ठेवला. झालं. दोन्ही सरकारांचे शिक्के बसले. शेवरगावात हलगी वाजली, हिंगणीच्या लोकांनी सुंदराला तोंडावर वेडी म्हटलं. शहादेव तिच्याकडं न बघताच घराकडं चालता झाला.

भिवराला गावकऱ्यांनी डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तिला मात्र तळाचा तो उंबराच दिसत होता. रुंद तोंड आपल्या वाट्याला आलं. आपलाच धोंडा आपल्या दारात. त्याहून जास्त तिला लागलं ते वेगळंच. ह्या बयेला नेमकं आजच शहाणपण कुठून सुचलं? इतकी वर्षं थोरलं घेतलं ते घेतलं, आणि आज सगळ्या जगापुढं बारकं घेऊन मोठेपणाही हिनंच घेतला. भिवरा घरी येऊन भिंतीला टेकून बसली आणि तिला हुंदका आला. आश्रुबाला वाटलं, आनंदानं.

सांगता येत नव्हतं. काढता येत नव्हतं. बांधावर दोन्ही सरकारांचा एकेक शिपाई बसला होता. हिवाळाभर रुंद तोंडातून पाणी धो धो आलं आणि भिवराच्या वेलांनी पानं अशी धरली की आप्पांनी बाजारात चार लोकांत सांगितलं, यंदा शेवरगावचं पान विरघळतं. ह्याच एका वाक्यासाठी ती इतकी वर्षं झुरली होती. आता ते कानावर पडलं तर तिला त्याची गोडीच लागेना. पलीकडं सुंदराचा मळा पाण्यावाचून जरा उतरला होता. ते बघून मात्र तिला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. मग ती देवाला हात जोडून म्हणायची की यंदा उन्हाळ्यात डोह खाली जाऊ देऊ नको.

देवानं काही ऐकलं नाही. होळी झाली आणि डोह उतरायला लागला. रुंद तोंडाचं पाणी आधी पातळ झालं, मग नुसतं ओलं राहिलं, मग तेही गेलं. अरुंद तोंड आपलं चाललं होतं, खळखळ, शांतपणे. शेवरगावचा पाट तडकला. भिवरा घागरीनं पाणी वाहायला लागली, पण पानमळा घागरीनं भागतो होय? वेलांनी माना टाकल्या. रोज एखादा शेंडा काळा पडायचा आणि ती तो हातात धरून बसायची.

गावात एकच बोलणं. रुंद तोंड कोरडं आणि अरुंद वाहतंय, हे असं कसं? हिंगणीवाल्यांनीच काहीतरी केलंय. खालून भगदाड पाडलंय. ती सुंदरी उगाच नव्हती बारकं उचलायला गेली, आधीच ठरवून आली होती. चोरटी आहे. भिवराच्या ओट्यावर बसून लोक हे बोलत होते आणि भिवराला काय वाटत होतं सांगू? गोड वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चार माणसं सुंदराला वाईट म्हणत होती. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “ती ल्हानपनापासून तसलीच हाय.” बोलून गेली आणि उठून आत गेली.

शेवरगावचे लोक काठ्या घेऊन बांधाकडं निघाले. शिपायांनी आष्टीला आणि पलीकडं निरोप धाडले. दोन्ही साहेब धावत आले म्हणून डोकी वाचली. कातळावर पुन्हा बाजा पडल्या, पंचनामा सुरू झाला. शेवरगावानं सांगितलं, हिंगणीची बाई चोर आहे. सुंदरा पलीकडच्या लोकांत उभी होती. तिचं तोंड लाल झालं. ती पुढं आली आणि म्हणाली की मी स्वतः उतरून बघते. आमच्या बाजूला लबाडी निघाली तर आमचं तोंड आजच बुजवा.

साहेबांनी मान डोलावली. सुंदरा आधी रुंद तोंडाशी गेली, पाणी का येत नाही ते बघायला. वाकली. वरचा वाळलेला गाळ हातानं ओढला. मग तिचा हात थांबला. भिवराला काठावरून दिसत होतं. सुंदराची बोटं धोंड्याच्या कडेनं सरकत गेली आणि उडालेल्या कोपऱ्यावर येऊन थांबली. तो कोपरा तिच्याच हातून उडाला होता, लहानपणी, धुण्याची मोगरी आपटताना. त्यासाठी मार मात्र भिवरानं खाल्ला होता.

सुंदरानं मान वर करून बघितलं. सरळ बहिणीकडं. भिवराला वाटलं, आता बोलेल. आता सगळं संपलं. तिनं डोळे मिटून घेतले.

“गाळ हाय,” सुंदरा म्हणाली. “निस्ता गाळ बसलाय. कुनाची लबाडी न्हाई. बांधाला हात नगं लावाया, आमच्या तोंडाचं पानी दिसाआड आक्काच्या गावाला सोडू. काय व्हो सायेब, चालंल न्हवं?”

काठ्या खाली आल्या. शेवरगावच्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं. ओट्यावर बसून ज्यानं तिला चोरटी म्हटलं होतं तोच म्हातारा मोठ्यानं म्हणाला, बाई असावी तर अशी. तहसीलदारसाहेबांनी शाबास म्हटलं. मामलेदारांनीही म्हटलं. शिवशरणआप्पा डोळे पुसत होते. आश्रुबासुद्धा, भिवराचा स्वतःचा नवरा, हात जोडून उभा होता.

भिवरा वाचली होती. पाणी मिळत होतं, मळा जगत होता, तिचं नाव कुठं निघत नव्हतं. गप्प बसायचं होतं फक्त. पण पोटात पुन्हा तेच पेटलं. हिनं ओळखलंय. आता जन्मभर ही मोठी आणि मी हिच्या उपकाराखाली. जगातला सगळा चांगुलपणा हिच्याच पदरात का? थोरलं उचललं तेही हिनं, बारकं उचललं तेही हिनं, आणि आता हा सगळ्यांत थोरला वाटाही हीच उचलून घरी नेणार? नाही. एवढा तरी देणार नाही.

“गाळ न्हाई त्यो,” भिवरा म्हणाली. “धोंडा हाय. म्या ठिवलाय. माज्या बापाच्या घरचा.”

कुणाला काही कळेना. तिनं सगळं सांगितलं, एका दमात, उभ्या उभ्या. रुंद का, अरुंद का, धोंडा का. तहसीलदारांनी विचारलं, असं करायचं कारण काय? ती म्हणाली, हिनं थोरलं उचलावं म्हणून. मग साहेबांनी आपसांत विचार केला आणि सांगितलं की करारात लबाडीची शिक्षा लिहिलेली नाही. थोरलीनं मांडलं, धाकटीनं उचललं. सौदा पुरा झाला. शेवरगावचं पाणी गेलं.

सुंदरा अजून त्या कोरड्या तोंडातच उभी होती, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. मघाशी बहिणीला झाकणारी बाई ती हीच का, असं वाटावं इतकी ती चिडली होती.

“म्या बारकं घेतलं म्हनून माजा नवरा होळीपतूर माज्याशी बोलला न्हाई, आक्का. गावानं मला येडी म्हटलं. अन् तू बगत व्हतीस.” तिनं चिखल झटकला. “तुला वाटतं उचलायचा मान लई गोड असतो. अगं, मांडनारी मांडून मोकळी व्हती. उचलनारीच्या हाताकडं सगळे बगत्यात. आपला आबा हसायचा, अन् तू रातभर माज्याकडं पाट करून निजायचीस.”

मग ती साहेबांकडं वळली.

“सायेब,” सुंदरा म्हणाली, “आमी आमचं उचलल्यालं परत ठिवतो. पुन्ना मांडू. पर ह्या बारीला मांडनार मी. उचलंल ही.”

हिंगणीच्या लोकांनी आरडाओरडा केला. पण शहादेव पुढं आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला, तेव्हा ते गप्प बसले. साहेबांना काय, तंबू पुन्हा ठोकायला नको, एवढंच हवं होतं. त्यांनी रुकार दिला.

सुंदरानं तिथंच पदर खोचला. गवंड्यांकडून चुना फोडून घेतला. तो धोंडा तिनं आणि शहादेवानं मिळून बाहेर काढला आणि कातळावर टाकला. मग दोन्ही तोंडं तळापर्यंत मोकळी केली. शेवरीची एक काठी घेऊन तिनं इकडची रुंदी मापली, तिकडची मापली, एक दगड काढला, परत बसवला, डोळे बारीक करून बघितलं. इकडची कपची तिकडं ठेवली. घाम गळत होता. भिवरा बघत होती. असं मांडताना तिनं स्वतःला कधी बाहेरून बघितलं नव्हतं. दोन्ही तोंडांतून पाणी सारखंच बाहेर पडलं आणि कातळावर पसरलं.

“उचल, आक्का,” सुंदरा म्हणाली आणि बाजूला झाली.

भिवरा पुढं झाली. साऱ्या जन्मात पहिल्यांदा तिची पाळी होती. दोन्ही काठांवरची माणसं तिच्या हाताकडं बघत होती. तिनं डाव्या तोंडाकडं बघितलं, उजव्याकडं बघितलं. पाण्यात उतरली. डाव्या तोंडात हात घालून तळ चाचपला, मग उजव्यात. काठी मागून घेतली आणि पुन्हा मापलं. तिकडं तिच्या मळ्यात एकेक वेल पाण्याची वाट बघत होता. ऊन कलायला लागलं. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं, आश्रुबानं दोनदा हाक मारली, शिवशरणआप्पांनी पान थुंकून दुसरं लावलं. दोन्ही तोंडं सारखी होती, अगदी सारखी, आणि हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

भिवरा पाण्यात वाकून अजून थोरलं कुठलं ते बघत होती.